पायाच्या अंगठ्याचा आकडा

यज्ञेश्वर वाकणकर सरांनी त्या वर्षात इतक्या माणसांची बोटं बघितली होती की रस्त्यात कोणी भेटलं तरी त्यांची नजर आधी नखांवर जायची. सर श्रीवर्धनच्या एका कॉलेजात जिमखाना सांभाळायचे. वय सत्तावन्न, निवृत्तीला तीन वर्षं, आणि अंगातला उत्साह त्याच्याही आधीच निवृत्त झालेला. कोरोना आला, कॉलेज बंद पडलं, तेव्हा वरून हुकूम आला की मास्तर लोक रिकामेच बसलेत, त्यांना घरोघर पाठवा. जूनच्या वादळाने सरांची निम्मी सुपारीची वाडी आडवी केली होती. ती झाडं अजून उचलून व्हायची होती, आणि सर गळ्यात ऑक्सिमीटर अडकवून दारोदार हिंडत होते. यंत्राचा चिमटा बोटाला लावायचा, आकडा वहीत लिहायचा, पुढचं दार गाठायचं.

भागुबाईचं प्रकरण त्याच दिवसांतलं. भागुबाई सुपारी सोलायला जाणारी, सत्तरीची पण काटक म्हातारी. तिच्या बोटाला चिमटा लावला तर आकडा आला एकोणनव्वद. सर घाबरले. फोन गेला, गाडी आली आणि भागुबाई आख्ख्या आळीला ऐकू जातील अशा शिव्या देत विलगीकरणात गेली. तिथे तिसऱ्या दिवशी कळलं की बाईला काहीही झालेलं नाही. वादळातून वाचलेली सुपारी व्यापारी तेव्हा ओलीच उचलत होते, आणि ओली सुपारी सोलली की सालीचा रस दहाही बोटांत मुरतो. नखं काळपट होतात आणि आठवडा आठवडा घासली तरी निघत नाहीत. त्या रंगातून यंत्राचा उजेड नीट जात नाही, मग यंत्र आपल्या मनाला येईल ते सांगतं. आरोग्य केंद्रातल्या सुचिता सिस्टरने सरांना समजावलं, "सर, सोलणारीच्या बोटावर जाऊ नका. पायाच्या अंगठ्याला लावत जा."

भागुबाई सुटली ती थेट सरांच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. "मास्तर, मला जित्तीला उचलून नेलंत व्हय?" म्हणाली. सरांनी हात जोडले, पण गावाला करमणूक मिळाली ती मिळालीच. त्याला नावही पडलं, सुपारीचा कोरोना. कोणाचा आकडा कमी आला की माणसं हसून म्हणायची, "न्हाय ओ, सुपारीचा हाय." पुढे पुढे सरही तेच म्हणू लागले. सुरुवातीला ते प्रत्येकाला चप्पल काढायला लावून अंगठा तपासत. नंतर तेही राहून गेलं. चिखलाचे पाय धुवा, पुसा, वाका, एवढं दिवसाला शंभर वेळा कोण करणार?

फेब्रुवारीत कॉलेज पुन्हा उघडलं आणि दुसऱ्याच आठवड्यात पत्र आलं, की मुलींचा आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मार्चच्या मध्यावर माणगावला होणार आहे, संघ पाठवावा. प्राचार्यांनी सगळ्यांना एकेक बाक सोडून बसवलं आणि विचारलं, खेळायचं की नाही. दीड तास नुसता गोंधळ चालला. एक म्हणाले, वर्ग अजून निम्मे मोबाईलवर चालतात आणि मैदानात बावीस पोरी एकमेकींच्या अंगावर धावणार, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दुसऱ्या बाई म्हणाल्या, बाजार भरतोय, लग्नाच्या पंगती उठतायत, प्रचारसभा झाल्या, सगळा कोरोना काय तो फुटबॉलमध्येच बसलाय का? तिसऱ्याने शोध लावला, की फुटबॉलला हात लावायचाच नसतो, पायाने खेळायचा खेळ, त्यात कसली लागण! सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांना हसायचाही कंटाळा आला होता.

शेवटी प्राचार्यांनी विचारलं, "तुमचं काय मत, वाकणकर सर? संघ तुमचा."

सर म्हणाले, "खेळू द्या."

ते दोन शब्द त्यांनी आरोहीसाठी खर्च केले होते. आरोही संघाची गोलकीपर, शेवटच्या वर्षाला. तिची आई नीराबाई सरांच्याच खळ्यात सुपारी सोलायला यायची. वडील तळोज्याच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी. सकाळी आईबरोबर सोलायला बसायची आणि संध्याकाळी चेंडू अडवायची, असा पोरीचा तीन वर्षांचा क्रम होता. माणगावच्या सामन्याला विद्यापीठाचा संघ निवडणारे येणार होते. त्या संघात नाव लागलं, की पुढे पोलिसात खेळाडू म्हणून अर्ज करता येईल, हे आरोहीने एका चिठ्ठीवर लिहून आपल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. नीराबाईने ते सरांना सांगितलं होतं. पुढच्या वर्षी आरोही कॉलेजात नसणार, म्हणजे हा एकच सामना तिच्या हातात होता.

मग सर पालकांची हमीपत्रं गोळा करायला निघाले. संघात मुली सोळा. पहिल्या घरी बाप म्हणाला, आधी तुम्ही लिहून द्या की काही होणार नाही. दुसऱ्या घरी आजी म्हणाली, पोरीला पाठवीन, पण मग परत घरात घेणार नाही, तुमच्याकडेच ठेवा. सोळा घरं फिरून सात सह्या मिळाल्या. सातपेक्षा कमी खेळाडू असले तर सामना सुरूच होत नाही, तेव्हा सात म्हणजे अगदी काठावरचा आकडा. सातवी सही नीराबाईची. तिने अक्षर जुळवत नाव लिहिलं आणि कागद सरांच्या हातात देताना म्हणाली, "माज्या पोरीला तुमच्यावर सोडत्येय, सर. तुमी बघाल तसं."

सराव पुळणीवर चाले, कारण कॉलेजच्या मैदानात वादळात पडलेल्या सुरूंचे ओंडके अजून तसेच होते. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर सात मुली धावायच्या. सर शिट्टी फुंकायचे, मास्क हनुवटीखाली ओढून, कारण मास्कमधून शिट्टी वाजत नाही. सामन्याच्या आदल्या आठवड्यात सरांना शिट्टी फुंकणंही जड जात होतं. दोन फुंका मारल्या की ते सुरूच्या बुंध्यावर बसायचे. सकाळचा चहा पाणचट लागायचा, तेव्हा त्यांनी दूधवाल्याला बोल लावला. खोकला यायचा, तो शेजारी पडलेली झाडं जाळत होते त्या धुराचा. बायको, अनुसूया, दिवाळीपासून पनवेलला मुलाकडे, नातवाला सांभाळायला गेलेली. ती फोनवर म्हणाली, "आवाज असा काय येतोय तुमचा?" सर म्हणाले, "दमलोय गं. या वर्षात कोण दमलं नाही?" आणि ते खरंच होतं. सर मनापासून दमले होते. वाडी गेल्याचं दमणं, दारोदार हिंडल्याचं दमणं, चार ओळखीच्या माणसांना लांबून हात जोडून निरोप दिल्याचं दमणं. त्यात आणखी एक दमणं येऊन बसलं तर ते वेगळं ओळखू कसं येणार?

एकदा, सामन्याच्या चार दिवस आधी, त्यांनी सहज स्वतःच्या बोटाला चिमटा लावला. ब्याण्णव. सरांनी आपली नखं बघितली. माणसं कमी होती म्हणून ते स्वतःही रोज सकाळी सोलायला बसत होते, नखं भागुबाईसारखीच काळी. "सुपारीचा," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि यंत्र खिशात टाकलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी गावातला ड्रायव्हर कान्हा आपली ट्रॅक्स जीप घेऊन आला. मागे सात मुली, पुढे कान्हाशेजारी सर. काचा सगळ्या उघड्या, तोंडाला सगळ्यांच्या मास्क. म्हसळ्याच्या घाटात कप्तान श्रद्धाने गाणं सुरू केलं आणि मास्क उतरले ते माणगावपर्यंत उतरलेलेच राहिले. सरांनी दोनदा मागे वळून ओरडायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा त्यांना आपल्यात तेवढा दम उरलाय असं वाटलं नाही.

मैदानाच्या फाटकात एक तक्ता हातात मिळाला. प्रत्येक खेळाडूचं तापमान आणि ऑक्सिजन संघाच्या सरांनीच तपासून लिहायचा, खाली सही करायची. चौऱ्याण्णवच्या खाली असेल तर त्या खेळाडूला प्रवेश नाही. ताप कोणालाच नव्हता. सर ओळीने बोटं बघत गेले. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. सातवी आरोही. ती शेवटी उभी राहिली होती. तिने काळी बोटं पुढे केली.

नव्वद.

मुली हसल्या. श्रद्धा म्हणाली, "सर, सुपारीचा हाय तो! लिहा ना अठ्ठ्याण्णव." समोरचा संघ मैदानात उतरून कसरत करत होता. मांडवात निवड करणारे दोघे येऊन बसले होते. तक्त्यावर एकच चौकोन रिकामा होता. सरांनी पेन टेकवलं आणि त्यांना नीराबाईचं वाक्य आठवलं. 'तुमच्यावर सोडत्येय' म्हणाली होती, 'यंत्रावर' नव्हती म्हणाली. कंटाळा करायचा तर सगळ्या जगाच्या बाबतीत करता आला असता, पण या पोरीच्या बाबतीत त्यांना करवेना.

"आरोही, बूट काढ," सर म्हणाले.

"सर, आता? नाड्या बांधल्यात सगळ्या."

"काढ म्हणतो ना."

दोघं बाजूच्या आंब्याखाली गेली. आरोहीने कपाळाला आठ्या घालत बूट काढला, मोजा काढला. सर तिच्या समोर खाली बसले तेव्हा त्यांना इतका दम लागला की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी चिमटा अंगठ्याला लावला. आकडा हलला, थांबला. अठ्ठ्याण्णव.

सरांना हायसं वाटलं. त्यांनी रिकामा चौकोन भरून खाली सही केली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी घामाबरोबर पुसलं. "जा," म्हणाले, "बूट घाल. पहिला हाफ आपल्याला उन्हाकडे तोंड मिळणार, टोपी घे." आणि उठायला गेले तर उठवेना. एक हात जमिनीला टेकून ते तसेच बसून राहिले.

आरोही त्यांच्याकडे बघत होती. पोर हुशार होती. चेंडू कुठून येणार हे पाय बघून ओळखणारी.

"सर, तुमचं बघितलंत?"

"माझं काय बघायचंय? मी थोडाच खेळणारेय."

"तुमी पण सोलता ना सकाळी. पाय पुढं करा."

"अगं, वेळ झालाय."

तिने उत्तराची वाटच बघितली नाही. सरांची चप्पल तिने आपल्याच हाताने काढली आणि चिमटा त्यांच्या अंगठ्याला लावला. सरांना आकडा उलटा दिसत होता, तरी वाचता आला. सत्त्याऐंशी. तिने चिमटा काढून दुसऱ्या पायाला लावला. सत्त्याऐंशीच.

सरांना एकदम सगळं कळलं. पाणचट चहा कळला, धुराचा नसलेला खोकला कळला, चार दिवसांपूर्वीचा ब्याण्णव कळला. मास्क उतरवून फुंकलेल्या शिट्ट्या आठवल्या आणि शिट्टीभोवती गोल करून उभ्या राहिलेल्या सात मुली आठवल्या. गावभर माणसांची बोटं धरत हिंडलेला माणूस स्वतःचा पाय बघायला विसरला होता.

आरोहीने यंत्र बंद केलं. मग आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, चप्पल घाला. मी कोनाला न्हाय सांगत. तुमी हितंच लांब बसा. एक मॅच होऊ दे. आमी सगळ्या बऱ्या आहोत ना? आकडे बघितलेत ना तुमी आत्ता?"

सर तिच्याकडे बघत राहिले. तिने हातमोजे काखेत धरले होते. नव्या वर्षात घेतलेले, अजून तळव्याला वाळू न लागलेले. पुळणीवर ती जुनेच घालायची, हे आजच्यासाठी राखून ठेवलेले होते. सरांना त्या क्षणी जगात कशाहीपेक्षा हवं होतं की हिने ते हातमोजे घालावेत आणि गोलात जाऊन उभं राहावं. नुसतं गप्प बसायचं होतं. दमलेल्या माणसाला गप्प बसण्याइतकं सोपं काय असतं? मैदानात समोरच्या संघातली एक बारकी मुलगी वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिच्याही घरी कोणीतरी कागदावर सही करून कोणा मास्तरवर तिला सोडलं असणार.

"आरोही," सर म्हणाले, "मास्क वर घे आणि लांब हो माझ्यापासून."

"सर, नका ना."

"तुम्ही सगळ्या आठवडाभर माझ्याजवळ होतात. आजचा आकडा आजचा असतो गं. परवा काय येईल ते मला माहीत नाही."

"माजं काय मग?"

सर आंब्याच्या खोडाला धरून उठले आणि मांडवापासून दहा पावलांवर थांबून त्यांनी तिथल्या संयोजकांना हाक मारली. तक्ता गवतावर ठेवून मागे सरकले आणि जे होतं ते सांगितलं. संयोजक म्हणाले, "सर, तक्त्यावर तर सगळं बरोबर दिसतंय." सर म्हणाले, "तक्त्यावर मी नाहीये." तेवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली आणि पुढचं काही सांगायची गरज उरली नाही. संयोजकांनी तोंडावरचा मास्क नीट केला आणि मागे सरकून समोरच्या संघाला विजयी केल्याचं लिहून टाकलं.

श्रद्धा रडली. बाकीच्या मुली काही कळत नसल्यासारख्या उन्हात उभ्या राहिल्या. आरोहीने ते नवे हातमोजे जमिनीवर आपटले, मग स्वतःच उचलले, झटकले आणि पिशवीत घातले. कान्हा मुलींना घेऊन परत निघाला तेव्हा ट्रॅक्समध्ये कोणी गायलं नाही. सरांना न्यायला वेगळी गाडी आली. ते मागच्या फळीवर आडवे झाले आणि घाट लागायच्या आत त्यांना झोप लागली.

पुढचे सोळा दिवस सर अलिबागला दवाखान्यात होते. पाच दिवस नाकाला नळी होती. शुद्धीत असले की ते फोन करून एकच विचारायचे, पोरी कशा आहेत? तपासणीत सातपैकी चौघींना निघाला. आरोहीलाही निघाला. तिला दोन दिवस कणकण आली आणि गेली. नीराबाई मात्र आठवडाभर अंथरुणाला खिळली, आणि तो आठवडा सरांनी खाटेवर पडून छताकडे बघत काढला. ती उठून बसली हे कळलं तेव्हा ते नळीसकट रडले. विद्यापीठाचा संघ जाहीर झाला, त्यात दुसऱ्या कॉलेजची गोलकीपर होती. कोण खेळलं, कोण जिंकलं हे सरांनी विचारलं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं पुन्हा बंद पडलं आणि पुढच्या फेऱ्या झाल्याच नाहीत.

एप्रिलात सर घरी आले. अनुसूयाबाई पनवेलहून आल्या होत्या. त्या त्यांना खळ्यात खुर्ची टाकून देत आणि उठू देत नसत. नीराबाई पुन्हा सोलायला येऊ लागली होती आणि तिच्याबरोबर आरोहीही. दोघी खळ्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात बसत, तोंडाला ओढणी बांधून. नीराबाई सरांशी बोलायची. आरोही बोलायची नाही. ती आली की मान खाली घालून सुरी हातात घ्यायची आणि साल काढत राहायची. सर पहिले दोन दिवस तिच्या काळ्या बोटांकडे बघत बसले. आपण वाचलो याचा आनंद व्हायला हवा, असं त्यांना वाटे, पण ती समोर असताना तो व्हायचा नाही.

तिसऱ्या दिवशी नीराबाई पाणी प्यायला आत गेली, तेव्हा सर म्हणाले, "आरोही, माझं चुकलं."

सुरी थांबली. आरोहीने मान वर केली नाही.

"तुमी सांगितलंत ते न्हाय चुकलं," ती म्हणाली. "माजी आई किती आजारी पडली, मी बघितलं ना. त्या दुसऱ्या पोरींच्या घरी पन झालं असतं." तिने हातातली साल बाजूला टाकली. "पन पहिला खोकला आला तवाच पाय बघितला असतात ना सर, तर तुमी घरी ऱ्हायला असतात. दुसरे कोनीतरी आमच्याबरोबर आले असते. मॅच झाली असती."

सरांनी हेच दवाखान्यात सोळा दिवस स्वतःला सांगितलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते निराळं लागलं. "हो," ते म्हणाले. "झाली असती."

तिला बहुतेक एवढंच ऐकायचं होतं. तिने सुरी खाली ठेवली, कुडत्याला हात पुसले आणि उठून ओटीवरच्या खुंटीला लटकणारं यंत्र काढून आणलं. सरांच्या खुर्चीसमोर ती खाली बसली.

"आज बघितलंत?"

"सकाळी बायकोने बघितलं. बोटाला."

"बोटाला काय बघता?" ती करवादली, अगदी भागुबाईसारखी. "पाय पुढं करा."

सरांनी मुकाट्याने चप्पल काढून पाय पुढे केला. आरोहीने चिमटा अंगठ्याला लावला आणि आकडा स्थिर होईपर्यंत तिथेच बसून राहिली.

"शहाण्णव," ती म्हणाली. यंत्र तिने खुंटीला नेऊन अडकवलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पुढची सुपारी उचलली.